सात किलो एकशेतीस ग्रॅम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. फेब्रुवारीतल्या एका रिकाम्या दुपारी मी तिथल्या काट्यावर माझी कामाची बॅग ठेवली. दुकानदार गूळ फोडत बसले होते. आधी आकड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाले, "काय भाव लावू, ताई?"

आकडा होता ७.१३०.

मग एकेक वस्तू काढून काट्यावर ठेवत गेले. लॅपटॉप २ किलो २७० ग्रॅम. चार्जर ४३०. हार्ड डिस्क २३०. प्रुफांचा गठ्ठा १ किलो ६०० (८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा ए-फोर कागद, एक पान ५ ग्रॅमचं, म्हणजे ३२० पानं, हिशेब बरोबर). भरलेली पाण्याची बाटली १ किलो ५०. डबा ६५०. राहिली माउस-वायरींसकट रिकामी बॅग, ९००. गेली आठ वर्षं हे सगळं मी उजव्या खांद्यावरून वाहते आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे हे मला डॉक्टरांनी नाही, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी सांगितलं. माय तर रोज दारातून विचारते, "इतलं वझं कसाले वाहस वं?"

धंदा माझा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचा. अमळनेरात बसून पुस्तकं, स्मरणिका, गौरवग्रंथ, लग्नसराईत थोड्या पत्रिका. फाइल मेलवर जाते, छापखाना जळगावला, मग लॅपटॉप घेऊन हिंडतेस कशाला, असं पुण्यात शिकणारी मुलगी विचारते. तिला अहिराणी कवी माहीत नाहीत. अहिराणीला प्रमाणलेखन असं पक्कं नाही. तापीकाठचा माणूस एक शब्द जसा म्हणेल तसा साक्रीकडचा म्हणेलच असं नाही, आणि आपल्या पुस्तकात आपल्याच गावाचा उच्चार उतरला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. कागदावरच्या प्रुफात ते लाल पेनाने गोल करतात आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढतात. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर शेजारी बसून, ओळ मोठ्याने म्हणून, तिथल्या तिथे अक्षर बदलूनच मिळतं. म्हणून पारोळा, धरणगाव, कधी शिरपूर. एसटीने नाहीतर सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने.

आता जुन्या लॅपटॉपची डावी बिजागरी सुटली. स्क्रीन मागे पडू नये म्हणून पाठीशी पितळी तांब्या टेकवून काम चाललं होतं. एका कवीने विचारलं, यात पाणी असतं का. त्या दिवशी ठरवलं, नवीन घ्यायचा.

जळगावच्या दुकानात दोन समोर आले. एक १४ इंची, १ किलो ४०० ग्रॅम. दुसरा १६ इंची, २ किलो १०० ग्रॅम. किमतीत फार फरक नव्हता, आणि अडचण तिथेच झाली. पैशाने निकाल लावला असता तर बरं झालं असतं. दुकानातला मुलगा म्हणाला, "फिरायचं असेल तर १४, काम असेल तर १६." मला दोन्ही असतं. मी फिरून काम करते. त्याला काही सुचलं नाही, त्याने पाणी आणून दिलं.

तशी संगणकाशी या गावाची सोयरीक जुनी. १९४५ साली अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी कंपनी निघाली, तिचीच पुढे संगणकातली विप्रो झाली. तिचे शेअर जपून ठेवलेल्यांच्या गोष्टी गावात अजून रंगतात. आमच्या घरात शेअर नव्हते. तुपाचा रिकामा डबा होता, त्यात माय तूरडाळ ठेवायची. मी संगणक शिकले १९९९ साली, पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर, तुपाशी काहीही संबंध न येता.

तेव्हाचा मॉनिटर १५ इंची होता. काचेचा, मागे पोट सुटलेला, उचलायला दोन माणसं लागायची. इंचांचा विचार करताना तो आठवला आणि मी वही घेऊन बसले. त्या काळी १५ इंच म्हणजे पूर्ण काचेचा कर्ण. त्यातला काठ प्लास्टिकच्या चौकटीखाली जायचा. दिसायचे १३.८ इंच. म्हणजे ज्याला मी जन्मभर पंधरा इंची म्हणत आले, तो आजच्या १४ इंचीपेक्षाही केसभर लहानच होता. पण त्याचा आकार चारास तीन. रुंदी ११ इंच, उंची जवळपास ८.३. पुढे रुंद पडदे आले. माझा तांब्यावाला लॅपटॉप १५.६ इंची, सोळास नऊ. रुंदी १३.६, उंची ७.६५. आकडा वाढला आणि पडदा ठेंगणा झाला! पडदे सिनेमासाठी आडवे केले. पुस्तकाचं पान मात्र उभंच राहिलं. वीस वर्षं मी खालीवर सरकवत राहिले आणि दोष स्वतःच्या सवयीला देत राहिले.

कर्णावर विश्वास ठेवला की असं होतं. भुज आणि कोटी, म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू, यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की कर्ण येतो, हे भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, आणि चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. उलट्या बाजूने मात्र जाता येत नाही. नुसत्या कर्णावरून भुज किती नि कोटी किती ते कळत नाही, आणि डब्यावर छापतात तो नुसता कर्ण.

नवीन दोन्ही लॅपटॉप सोळास दहा आकाराचे होते, थोडे उंच. माझी पुस्तकं बहुतेक डेमी, पान साडेपाच बाय साडेआठ इंच. समोरासमोरची दोन पानं मिळून ११ बाय साडेआठ. सोळा इंचीचा पडदा भरतो १३.६ बाय ८.५. म्हणजे उघडं पुस्तक त्यावर जवळजवळ जसंच्या तसं मावतं. वरची मेनूची पट्टी थोडी उंची खाते, पण उजवीकडे अडीच इंच उरतात, तिथे पॅलेट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अवजारांची चौकट, बसतं. चौदा इंचीचा पडदा ११.९ बाय ७.४. मेनू वगळला की तीच दोन पानं पाऊण आकारात बघावी लागतात. १२ पॉइंटचं अक्षर ९ चं होतं. पंचविशीत हे चाललं असतं. मला सत्तेचाळिसावं लागलं आहे, आणि चाळिशी लागली म्हणजे काय होतं ते ज्याला लागली त्यालाच कळतं. नऊ पॉइंटला कनिष्ठचा ठ आणि कष्टचा ट एकमेकांचे जुळे भाऊ होतात. रफार अनुस्वारासारखा दिसतो. पुस्तक छापून आलं की हे सगळे पहिल्या पानावर हजर.

एक गोष्ट दुकानात मुद्दाम विचारून घेतली. दोन्ही पडद्यांवर ठिपके तितकेच होते, १९२० बाय १२००. म्हणजे मोठ्या पडद्यात जास्त मजकूर मावतो असं नाही, तितकाच मजकूर मोठा दिसतो. क्षेत्रफळ मात्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. दोन इंचात एवढा फरक पडत असेल असं वाटत नाही, पण वर्ग करून बघा.

आणखी एक, जे डीटीपीवाल्यांशिवाय कुणाला कळायचं नाही. सोळा इंचीच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड होता, चौदाला नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून पॅडवर आकडा मारला की येतात. तो आकडा मला तोंडाने सांगता येणार नाही, बोटांना येतो. पॅड नाही म्हणजे बोटं मुकी.

घरी येऊन पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, एक या पडद्याच्या मापाचा, एक त्या. आठ दिवस टेबलावर ठेवले, बॅगेत घालून पाहिले, एसटीत मांडीवर धरून पाहिले. शेजारच्या बाईंना वाटलं मी मतदार यादीचं काम करते. मग एका दुपारी वीज गेली आणि बघते तर माय चौदा इंचीने वारा घेत होती. मोठा बाजूला टाकलेला.

"हाऊ बरा शे," ती म्हणाली. एक मत पडलं.

ताकदीचं बोलू. दुकानातला मुलगा म्हणत होता, दोघांत प्रोसेसर आय-सेव्हनच आहे, मग फरक कसला. फरक नावामागच्या अक्षरात असतो. चौदा इंचीत यू होता, सोळात एच. यू मालिका साधारण १५ वॅटवर चालण्यासाठी बनवलेली, एच ४५ वॅटवर. पातळ अंगात उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, पंखे लहान, म्हणून तिथे मुळातच कमी खाणारा बैल बांधतात. जाड अंगात मोठे पंखे बसतात. सोळा इंची जास्त ताकदीचा, यात वाद नाही. शिवाय त्याची रॅम नंतर वाढवता येत होती, चौदाची बोर्डालाच चिकटवलेली, आज घ्याल ती कायमची.

पण ताकद मोजतात कुठे? बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच पस्तीस उलटून जातात. दुपारी पारा ४४-४५. चिप आतून शंभर अंशांच्या आसपास गेली की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवते. उन्हात बैल दम खातो, तसं. त्याला मारून उपयोग नाही.

माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबची. खाली मायची जुनी धाब्याची खोली. जाड मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर, खिडकी एकच. गेल्या मेमध्ये भिंतीवरचा तापमापक वर ३९ दाखवत होता, खाली ३३. एका स्मरणिकेची २४० पानी पीडीएफ, फोटोंनी ठासून भरलेली. डिसेंबरात जुना लॅपटॉप असली फाइल चार मिनिटांत काढायचा. मेमध्ये वरच्या खोलीत अकरा मिनिटं घेतली, आणि पंखा असा वाजत होता की शेजारी गिरणी सुरू झाली वाटावं. तोच लॅपटॉप उचलून चौदा पायऱ्या उतरले, मायच्या खोलीत अर्धा तास थंड होऊ दिला, परत लावलं. पाच मिनिटं. नवा प्रोसेसर घेऊन जे मिळालं असतं, ते मातीच्या धाब्याने फुकट दिलं. (कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवला तर अजून बरं, असं एकाने सुचवलं. कूलरच्या वाऱ्यात ओल असते आणि गवताचा भुगा असतो. ते मी करत नाही.)

तेव्हापासून मेमध्ये दुपारचं काम खालीच. पण हा माझा रोजचा प्रवास आहे, हे मी कधी प्रवासात धरलं नव्हतं. प्रवास म्हटलं की मला डोळ्यांपुढे गाडी दिसायची. खिडकीजवळची जागा, मांडीवर लॅपटॉप, बाहेर कापसाची शेतं आणि मी शुद्धलेखन तपासते आहे. ही बाई कोण, हे एकदा बघावं म्हणून तीन आठवडे वहीत नोंद ठेवली. लॅपटॉप कितीदा उघडला आणि कुठे. एकूण ४१ वेळा. घरी २९. छापखान्यात ६. लेखकांच्या घरी ५. गाडीत १.

ती एक वेळही सांगते. अमळनेरहून गाडीत बसले, जागा मिळाली, उत्साहाने उघडला. धरणगाव येईपर्यंत अर्धं पान वाचून झालं. तेवढ्यात समोरच्या आजींनी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी सोडली आणि "घे माय" म्हणून ओंजळभर माझ्यापुढे धरली. शेंगा ठेवायला सपाट जागा एकच होती. बंद केला, त्याच्यावर शेंगा ठेवल्या, जळगाव येईपर्यंत आजींच्या सुनेची कहाणी ऐकली. कहाणी चांगली होती.

म्हणजे गाडीतली ती बाई नाहीच. लॅपटॉप मांडीवर छोटा की मोठा, याला माझ्या आयुष्यात काही अर्थ नाही. तीन आठवड्यांत नऊ दिवस तो बाहेर गेला, आणि नऊ दिवस फक्त खांद्यावर होता. खांद्याला पडदा दिसत नाही, वजन कळतं. जिथे पोचून उघडला तिथे टेबल होतं. छापखान्यात तर मोठा मॉनिटरही आहे, वायर जोडली की झालं. लेखकांच्या घरी मात्र दोन माणसं एका पडद्यात बघतात. पारोळ्याचे निवृत्त गुरुजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, खुर्ची ओढत ओढत माझ्या खांद्याशी येतात आणि म्हणतात, "अक्षर मोठं कर." त्यांना दोन पानं शेजारी नको असतात. एकच ओळ हवी असते, पण अशी मोठी की कोऱ्या भिंतीवर लिहिल्यासारखी. तेवढं चौदातही होतं.

उरलं घर. मुलीने फोनवर एका वाक्यात सोडवलं, "मम्मी, चौदाच घे, घरी २४ इंची मॉनिटर लाव." मुलीच्या पिढीला हे पाठ असतं. मॉनिटर माझ्याकडे होताच, वरच्या खोलीत, धूळ खात नसला तरी वापरातही नव्हता. त्यावर डेमीची दोन पानं पूर्ण मापात दिसतात आणि पॅलेटं लावूनही जागा उरते. मग सोळा इंचीची गरजच कुठे राहते?

राहते, दुपारी दोन चाळीसला. वीज जाते तेव्हा. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालत राहतो, मॉनिटर काळा होतो, आणि मी परत नऊ पॉइंटात. मे-जूनमध्ये हे कधी होईल सांगता येत नाही, आणि नेमकं त्याच महिन्यांत मला खाली बसायचं असतं. आमच्या इन्व्हर्टरवर खालचा पंखा आणि ट्यूबलाइट तेवढी आहे. भिंतीतला प्लग त्यावर नाही. या एका कारणासाठी मी दोन आठवडे सोळा इंचीकडे झुकले होते. सातशे ग्रॅम जास्त, पण वीज गेली तरी ठ हा ठच दिसेल. बॅगेचा पट्टा रुंद घेऊ, असंही मनाशी ठरवलं होतं.

मग कूलरची मोटार दुरुस्त करायला वायरमन आला. चाळिशीतला, कानामागे टेस्टर. काम करता करता त्याला ही सगळी रामायणं सांगितली, कारण तोवर मी ती भेटेल त्याला सांगत होते. त्याने मॉनिटर किती वॅटचा ते विचारलं. मागची पट्टी वाचून सांगितलं, २५. तो हसला. पंखाच पंचाहत्तर वॅट खातो, म्हणाला. मग प्लगवर बोट ठेवून विचारलं, "ताई, हाऊ पॉइंट इन्व्हर्टरवर लेवाना शे का?"

मी विचारलं, असं होतं का?

तो शिडीवर चढलासुद्धा होता. ट्यूबच्या पॉइंटवरून पट्टीतून वायर खाली आणली, चार मीटरही लागली नाही, एक बोर्ड बदलला. वरचा मॉनिटर खाली आणून त्याला जोडला. मेन स्विच पाडला. पंख्याचा वेग क्षणभर मोडला आणि परत लागला. मॉनिटर चालूच. मायने वाऱ्यासाठी पुठ्ठा उचलला होता, तिने तो खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन चौदा इंची आणला, १६ जीबी रॅमचा, कारण नंतर वाढवता येत नाही. वेगळा नंबर पॅड घेतला, यूएसबीचा, हातावर मावेल एवढा. बोटांनी पहिल्याच दिवशी ओळखला. मोठी पीडीएफ काढायला सोळा इंचीने कदाचित दीड मिनिट वाचवलं असतं. दिवसातून एकदा येणारं दीड मिनिट. तेवढ्यात चहा गाळून होतो.

लॅपटॉप आणि चार्जर मिळून बॅगेतून १ किलो ५० ग्रॅम कमी झाले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शिरपूरला निघाले तेव्हा मायने सवयीने बॅग उचलून पाहिली, परत एकदा उचलून पाहिली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. काही विसरली तर नाहीस ना, असं. नवीन आहे, हलका आहे, म्हटलं.

ती आत गेली आणि दुसरी भरलेली बाटली घेऊन आली.

"आते हलकं शे ना, मंग दोन्ही बाटल्या लई जाय."